राळ भरलेला बाजा

सिद्रामप्पाला आवाजाची भीती होती. रझाकारांच्या वर्षी तो लहान होता. गावात कोणी परकं आलं की आई त्याला ज्वारीच्या कणगीत उतरवायची आणि वर पोतं टाकायची. एकदा तो आत असताना लांबून बिगूल वाजला. मारणाऱ्यांचा की सोडवणाऱ्यांचा, हे कणगीत कळायला मार्ग नव्हता. बिगूल थांबला. भीती थांबली नाही.

पुढे चाकूरजवळच्या त्याच गावात त्यानं बापाचं भांड्याचं दुकान चालवलं. माल आणायला नांदेडला गेला, की मोडीच्या ढिगात फुंकून वाजवायचे पितळी बाजे दिसत. कधीकाळी कुठल्याशा फौजेत, कुठल्याशा वरातीत वाजलेले. चेपलेले, हिरवे पडलेले. भट्टीत जायच्या आधी तो ते उचलून आणी. घागरीचा पोचा काढणाऱ्या हातांनी त्यांचे पोचे काढी, फुटक्या जागी डाग देई, चिंच लावून घासून लख्ख करी. मग प्रत्येकाच्या तोंडावर लाल फडकं घट्ट बांधून मागच्या खोलीत ओळीनं टांगून ठेवी. कुंभारमाश्या आत मातीचं घर करतात, असं तो सांगायचा. ते खरंच होतं. पण फडकं बांधून गाठ मारली की त्याचा श्वास मोकळा व्हायचा, हेही खरं होतं. त्यानं एकही बाजा कधी पुरा फुंकला नव्हता.

बायको महादेवी म्हणायची, "वाजवायचं न्हाई तर आणता कशाला?"

"बाहेर असल्यापेक्षा घरात बरे," तो म्हणायचा.

लातूर नवा जिल्हा झाला. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडलं गेलं, पण त्या जागी लातूर लिहून होण्याआधीच गावची विहीर तळाला गेली. जिल्हा जवळ आला आन पाणी लांब गेलं, असं टँकरच्या रांगेत लोक म्हणायचे आणि हसायचे. आषाढ कोरडा गेला तेव्हा हसणं बंद झालं. ढग औशाच्या बाजूनं यायचे, गावावर थांबायचे आणि पुढं निघून जायचे.

एक दिवस गावातली धोंडाबाई कळशीला डाग देऊन घ्यायला आली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिनं आत पाहिलं.

"अगं बया! ह्यांची तोंडं का बांधलीत, अप्पा?"

माश्यांचं सांगायला हवं होतं. सिद्रामप्पा गडबडला. तोंडून निघालं, "बांधलेलीच बरी, बाई."

धोंडाबाई कळशी तिथंच टाकून गेली.

पाऊस बांधता येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वीटभट्टीवाले बांधतात, साठा करणारे व्यापारी बांधतात. कोणी मडकं पुरून, कोणी वाऱ्याचं तोंड आवळून. सिद्रामप्पाही हे लहानपणापासून ऐकत आला होता आणि त्यानं ते कधी खोटं मानलं नव्हतं. आता रांगेतली महादेवीची घागर कोणीतरी बाजूला सारू लागलं. पारावर निलंग्याकडच्या एका भट्टीवाल्याची गोष्ट चालायची. सिद्रामप्पा जवळ आला की ती अर्ध्यात तुटायची. त्या भट्टीवाल्याचं पुढं काय झालं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. ते तो मनाशीच रचत राहिला. मध्येच त्याला वाटायचं, आपण नकळत खरंच पाऊस बांधला तर नसेल?

मग एका सकाळी सगळे आले. पुढं नरसिंग होता. त्याची पेरणी दोनदा वाया गेली होती.

"अप्पा, समदे बाहेर काढा. तोंडं सोडा. आन एकेक वाजवून दाखवा."

"नरसिंगा, मी भांडीवाला माणूस. मला वाजवता येत न्हाई रं."

"सूर कोण मागायलंय? आवाज निघाला की झालं."

बाजे अंगणात आले. गाठी सुटल्या. सिद्रामप्पा फुंकत गेला. एखादा बाजा रेड्यासारखा हंबरला, एखादा नुसता फुसफुसला. लोक समाधानानं मान डोलावत होते. सगळ्यात मोठा बाजा मात्र त्यानं शेवटी ठेवला होता. त्या बाजाची वाकडी नळी सरळ करायला घेतली होती. नळी ठोकताना दबू नये म्हणून आत वितळलेली राळ ओततात. ती आत थिजून दगड झाली होती. त्यातून हवेचा कण जाणार नव्हता.

"ह्यो?" नरसिंगनं बोट केलं.

"ह्यो वाजायचा न्हाई. आत राळ भरलीया. कामासाठी भरावी लागती."

"भरलीया?" नरसिंग मागं वळून लोकांना म्हणाला, "ऐकलं का? मुद्दाम भरलीया म्हणायलेत."

कोणीतरी खाली वाकून दगड उचलला. कोणी, हे सिद्रामप्पानं पाहिलं नाही. पाहण्याचं धाडस झालं नाही.

"थांबा," महादेवी म्हणाली. तिनं पेटलेली शेगडी आणून अंगणात ठेवली. "अवो, वितळवा. त्यांच्या म्होरंच."

नळी तापली. आधी धूर आला, मग काळा, चिकट ओघ मातीत पडू लागला. उग्र वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले. लोक मागं सरले. काही तरी काळं, इतके दिवस कोंडलेलं, सिद्रामप्पाच्या हातानं बाहेर पडत होतं आणि सारं गाव ते डोळ्यांनी बघत होतं. हे किती वाईट दिसतंय ते त्याला कळलं, पण आता थांबणं त्याहून वाईट होतं.

त्यानं फुंकलं. छातीत होतं नव्हतं तेवढं. घोगरा, खोल आवाज भिंतींवर आदळला. गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या.

आवाज विरला. सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक होतं.

नरसिंगनं टोपी काढली. पहिल्यांदाच तो मऊ बोलला. "सुटला म्हणायचा, अप्पा."

"मी बांधलाच न्हवता रं."

"असू द्या. सोडला, बेस केलं. कुणाचा राग न्हाई आता," नरसिंग म्हणाला.

धोंडाबाई पुढं येऊन सिद्रामप्पाच्या पाया पडली. "पाऊस येईल न्हवं?" तिनं विचारलं.

महादेवी दारातून नाही-नाही अशी मान हलवत होती. ते त्याला दिसत होतं. पण सगळे थांबले होते, आणि दगड अजून कोणाच्या तरी हातात होता.

"येईल," सिद्रामप्पा म्हणाला.

लोकांनी सुस्कारे सोडले. नरसिंगनं टोपी झटकून डोक्यावर घातली.

"आला की नारळ घेऊन येतो," तो म्हणाला. "न्हाई आला तरी येतो."