दोन खिडक्यांतला मंगळ

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. एकदा देवापुढे बसून मनातल्या मनात सांगायला गेले — तर तिथंही विषय बदलला! आज तुम्हाला सांगतेय. मध्येच गप्प झाले तर समजून घ्या.

मुरबाडला एसटी स्टँडजवळ माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून त्यानं एक कॉम्प्युटर घेतला आणि त्यात पत्रिकेचा प्रोग्रॅम टाकून घेतला. जन्मतारीख, वेळ, गाव भरलं की कुंडली छापून बाहेर. भाताची झोडणी उरकली, तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे रीघ लागायची. भटजी बोटं मोजत बसतात, मी बटण दाबते — काय तो माझा तोरा!

प्रोग्रॅम टाकणारा जाताना बजावून गेला होता, एका वेळी एकदाच उघडा. पण मी शहाणी ना! त्या दिवशी गर्दी फार होती. प्रिंटर कुरकुरत एक पत्रिका छापणार, तोवर हातावर हात ठेवून कोण बसणार? मी तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडला. पडद्यावर दोन खिडक्या — एकीत वनिता, दुसरीत मुरबाडचीच एक मुलगी. लोक कौतुकानं बघत होते, आणि मला ते आवडत होतं.

वनिता म्हशाजवळच्या गावातली. शहापूरच्या एका मुलाशी तिचं जवळजवळ ठरलंच होतं. मुलगा कंपनीत कामाला, दोघं एकमेकांना पसंत. पत्रिका आपली रीत म्हणून बघायची. आणि तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला, सातव्या घरात. दुसरीची पत्रिका स्वच्छ. मंगळाच्या मुलीचा नवरा जगत नाही म्हणतात — शहापूरच्या लोकांचे चेहरेच उतरले. कळवतो म्हणाले.

दोन-चार दिवसांनी दुकानात कुणी नव्हतं. गंमत म्हणून मी पुन्हा दोन खिडक्या उघडल्या. एकीत मी, दुसरीत माझी धाकटी बहीण. छापलं — आणि माझ्या नावाखाली बहिणीची कुंडली! तिच्या नावाखाली माझी! मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा छापलं. तेच. दोन घरांचं दळण एकाच डब्यात पडावं, तशा दोन्ही खिडक्या आपापली कुंडली आत एकाच जागी टाकत होत्या, आणि छापायला उचलताना एकीची दुसरीला जात होती. नावं बरोबर, कुंडल्या उलट्या. म्हणजे तो मंगळ... तो वनिताचा नव्हताच.

अजून वेळ गेलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. कारण दुसऱ्याच दिवशी वनिताची आई जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली, एकटी. पायातली चप्पल दुकानाबाहेर काढून आत आली — देवळात यावं तशी.

"बाय, पोर जल्मली तवा भटजी मंगल नाय म्हनलेला. येकदा परत बग ना गो."

काय अवघड होतं? एक खिडकी उघडायची, बटण दाबायचं. पण तेवढ्यात दुसरीचं लग्न ठरलं होतं, तिला काय सांगणार? दुकानाचं नाव जाईल, भाऊ बोलेल, लोक हसतील... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. मी पडद्याकडे बघत म्हणाले, "मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही."

ती 'बरं' म्हणाली. चप्पल घालून गेली.

शहापूरचं स्थळ मोडलं. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा हवा, म्हणून शोधता शोधता वनिताला एका बिजवराला दिली. वयानं बराच मोठा, पहिली बायको गेलेली. आणि ती दुसरी, जिचा खरा मंगळ मी पुसून टाकला? तिचा नवरा आजही टुणटुणीत आहे, मुलांना मोटारसायकलवरून शाळेत सोडतो. तो दिसला की मला धस्स होतं. म्हणजे मंगळात काहीच नव्हतं? मग मी वनिताचं मोडलं ते कशासाठी?

सांगायचं ते इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी म्हशाच्या जत्रेत ती भेटली. कपाळ मोकळं. मी ओळखलंच नाही, तिनंच हाक मारली. नवरा तापानं गेला म्हणाली. मग माझा हात धरला आणि शांतपणे बोलली —

"माजाच मंगल कडक ठरला गो ताई. ह्यांना मीच खाल्लं. पन तू तवा बगितलंस म्हनून तो शापूरचा पोरगा तरी वाचला. लय उपकार झालं तुजं."

उपकार! गुरांचा बाजार, पाळणे, भोंगे — काही ऐकू येईना. एक वाक्य बोलायचं होतं. तू कुणाला खाल्लं नाहीस, तुला मंगळ नव्हताच, एवढंच. ते ओठांपर्यंत आलं — आणि मी म्हणाले, "मुलंबाळं बरी आहेत ना?"

तिनं कनवटीला लावलेली पुडी सोडली आणि माझ्या हातावर गोडी शेव ठेवली.

"खा गो ताई."

मी खाल्ली.