ताणा गुंडाळल्यावरची वाट

जेऊरच्या स्टेशनावर मी उतरले तेव्हा बाई गेल्या होत्या, त्यांचे दिवस अजून व्हायचे होते. त्यांच्या भावाच्या घरी मी पूर्वी कधी गेले नव्हते. आजारपणात बाईंनी मला तिथली वाट लिहून पाठवली होती. रजा मिळून निघेपर्यंत उशीर झाला. तोच कागद हातात धरून मी चालू लागले आणि कुणालाही काही न विचारता दारात जाऊन उभी राहिले. घर कसं सापडलं, म्हणून त्यांच्या वहिनींनी विचारलं. मी कागद पुढे केला. वहिनींना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि घडी घालून परत दिला.

बाई आणि मी सोलापुरात मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, चौथीच्या वर्गावर; मी दुसरीला. मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी, त्या बोलक्या, तरी आमचं जमलं. शाळा सुटली की आम्ही बरोबर निघत असू.

निबंध म्हटला की मुली तेव्हा पाठ केलेलं लिहीत. गाय हा उपयुक्त प्राणी आहे, तिला चार पाय असतात. एकदा बाईंनी वर्गाला विचारलं, गाईला चार पाय असतात हे जिला ठाऊक नाही, तिनं हात वर करावा. मुली हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी गाय आहे, ती दिवसाला किती पाणी पिते? एकीच्या घरी गाय होती. तिनं सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, हे लिही, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्या वर्गात हा नियमच झाला. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहायचं, आणि तो आपल्याला विचारायला जवळ नसेल असं धरून लिहायचं.

त्या वर्षी त्यांनी 'आमच्या घराची वाट' लिहायला दिली. हे कागद त्या चालत तपासत. कागद हातात घ्यायचा, त्यात लिहिलं असेल तसंच जायचं. जिचा कागद ती मुलगी मागून यायची, पण तिनं तोंड उघडायचं नाही. मी छत्री धरून बरोबर असे.

त्या वर्गात हातमागवाल्यांच्या वस्तीतली एक मुलगी होती. घरी तेलुगू, मराठी तिला शाळेनंच शिकवलेली, त्यामुळे ती छापल्यासारखं बोलायची. तिनं वाट शाळेपासून न लिहिता दवाखान्याच्या फाटकापासून लिहिली होती. बाईंनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. तिची आई बाळंत व्हायची होती. मागच्या खेपेला आई अडली, तेव्हा कामावर निघालेल्या शेजाऱ्यानं दवाखान्यात निरोप दिला आणि तो तसाच पुढे गेला, कारण भोंगा झाला की गिरणीचं फाटक बंद व्हायचं. वडीलही गिरणीतच होते. नर्सबाई गल्ल्यांतून फिरल्या, आजीला मराठी येत नव्हती, तिनं मारलेल्या हाका त्यांना कळल्या नाहीत, आणि त्या परत गेल्या. बाळ राहिलं नाही. आता हा कागद नर्सबाईंकडे आधीच द्यावा, असं मुलीच्या मनात होतं.

मी म्हटलं, मुलीनंच धावत जाऊन त्यांना आणावं. बाई म्हणाल्या, "मग आईजवळ कोण बसेल?"

शाळा सुटल्यावर आम्ही दवाखान्याच्या फाटकापासून निघालो. नवी पेठ ओलांडेपर्यंत सगळं ठीक जमलं. पुढे मागवाल्यांच्या गल्ल्या लागल्या. कागदात होतं, 'जिथे ताणा ताणलेला आहे तिथे उजव्या हाताला वळावे.' बाई चालत राहिल्या. ताणा काही दिसेना. कागदात वळायला सांगितलेलं नाही म्हणून त्या सरळ जात राहिल्या, आणि गल्ली एका म्हशींच्या गोठ्यात जाऊन संपली.

शेण काढणारी एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहू लागली.

"कुटं निघालात, मास्तरीणबाई?"

"या कागदात लिहिलंय तिकडं."

"पोरगी तर हितलीच हाय की. तिला इचारा."

"तिला बोलायची बंदी आहे. आज कागदच वाट दाखवणार."

"लई श्याना दिसतोय कागद," ती म्हणाली. "म्हशीकडं आणलं की तुमाला."

बाई खळखळून हसल्या. मुलगी मात्र हसली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे भरून आले होते. गोठ्यात उभ्या बाईंच्या जागी तिला वाट चुकलेल्या नर्सबाई दिसत होत्या, ते मला कळलं. बाईंनाही कळलं असावं. त्यांनी हसू आवरलं आणि तिला बोलायला सांगितलं.

सकाळी तिथे ताणा असतो, ती म्हणाली. रोज असतो. गल्लीभर सूत ताणून त्याला खळ लावतात, आणि ऊन चढलं की गुंडाळून घरात नेतात. ती रोज सकाळीच शाळेला निघायची; तिच्या डोळ्यांपुढची गल्ली सकाळचीच होती.

"नर्सबाई सकाळीच येणार आहेत का?" बाईंनी विचारलं.

"ते आपल्याला ठाऊक नाही," मुलगी म्हणाली.

रविवारी बाईंनी तिला भर दुपारी त्या कोपऱ्यावर उभं राहायला सांगितलं. जे तेव्हाही तिथे असेल तेच लिही, म्हणाल्या. सोमवारी नवा कागद आला. ताण्याच्या जागी आता दगडी हौद होता. आणि शेवटी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, एक ओळ तिनं वाढवली होती: 'अंधार असेल तर उजव्या हाताने भिंत धरावी. भिंत संपते तिथे पायरी आहे. तेच घर.' आम्ही पुन्हा चालून पाहिलं. पायरीवर आजी बसलेली होती. बाईंनी तो कागद स्वतः नेऊन नर्सबाईंच्या हातात दिला.

पुढे एक दिवस मुलगी शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. मी वर्गातून उठून चौथीच्या दारात जाऊन उभी राहिले. बाईंनी हजेरी पुरी केली, मग तिला जवळ बोलावलं.

"नर्सबाई कुठं अडल्या का गं?"

"नाही. फार पहाट होती, दिवे नव्हते. टांगा बाहेर ठेवून त्या भिंत धरून आल्या. पायरीला पाय लागला तेव्हा त्यांनी हाक मारली."

"आणि बाळ?"

"आहे," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि तिला जागेवर बसायला सांगितलं. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि तारीख लिहू लागल्या.

जेऊरच्या कागदावर बाईंचं अक्षर थकलेलं आहे, पण वाट चोख आहे. स्टेशन, वडाचा पार, विहीर, मग डाव्या हाताचा बोळ. सगळ्यात खाली लिहिलं आहे, 'अंधार असेल तर उजव्या हाताने भिंत धरावी.' मी पोचले तेव्हा लख्ख दुपार होती. तरी त्या बोळातून मी भिंत धरूनच गेले.