स्टार्टअपमधली आरती

कॉम्प्युटर म्हातारा झालाय म्हणून सावकाश चालतो, असं आमच्या घरी सगळे म्हणायचे. म्हातारा कसला डोंबलाचा! घरातला जो तो त्याच्या उरावर बसला होता. बटण दाबायचं, डाळ-तांदूळ धुवायचे, भाजी चिरायची आणि मग येऊन बघायचं, माउस हलतोय का.

मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला तो. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, नवा लॅपटॉप घेऊन गेला, आणि मागे ठेवून गेला आपले गेम, आपली गाणी, मित्रांशी गप्पा मारायचं कसलंतरी ॲप. बटण दाबलं की ही सगळी मंडळी न बोलावता हजर. प्रिंटर आम्ही भंगारवाल्याला कधीच देऊन टाकला, पण त्याचा प्रोग्राम रोज उठून त्याला शोधत बसायचा. मुदत संपलेला अँटिव्हायरस रोज नव्याने बोंब मारायचा. त्यात आमच्या ह्यांच्या मंडळाची भर. लालबागला राहायचं आणि मंडळाचं काम घरात येणार नाही, हे कसं शक्य आहे? बॅनरचं एक ॲप, फोटोंचं एक, व्हिडिओचं एक. मंडळाचं काम म्हणजे देवाचं काम, तिथे नाही म्हणायची सोय नाही.

सगळ्यात शेवटी लागायची आरती. मंडळात रेकॉर्ड केलेली, ढोलकी-टाळांसकट. कॉम्प्युटर चालू झाला की दहा मिनिटांनी ती आपोआप वाजावी म्हणून ह्यांनी मंडळातल्या कुणाकडून तरी ती बसवून घेतली होती. सकाळी घरात देवाचं नाव व्हावं, असं सांगायचे. पण त्या आरतीत पुढचा आवाज ह्यांचा आहे. नाव देवाचं, गळा ह्यांचा! आरती लागली की हे हातातलं काम सोडून उभे राहायचे, आणि जिथे सूर वर चढतो तिथे माझ्याकडे बघायचे. मी भिंतीकडे बघायची.

आता माझं सांगते. लग्नाआधीपासून मी परळच्या एका ऑफिसात मराठी टायपिंग करायची, प्रुफं तपासायची. ऑफिस उठून नवी मुंबईला गेलं. तेव्हा सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलाची बारावी. नोकरी सोड, असं मला कुणीच म्हणालं नाही. सगळे नुसते गप्प बसले आणि मी सोडली. त्यानंतर वर्षं गेली डबे भरण्यात. गेल्या वर्षी एका कंपनीची जाहिरात दिसली, घरी बसून मराठी मजकूर तपासायचं काम. अहो, माझंच काम ते! अर्ज केला आणि परीक्षेचं बोलावणं आलं.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून. खोलीत दुसरं माणूस नको, दुसऱ्याचा आवाज नको, जागेवरून उठायचं नाही. आणि एका उमेदवाराला एकच संधी. ही ओळ मी कितीदा वाचली असेन. मला ती नोकरी जिवाच्या आकांताने हवी होती. मी जे करते त्याला पुन्हा एकदा कुणीतरी काम म्हणावं, असं फार वाटत होतं.

मग मी कंबर कसली. शोधून शोधून वाचलं, तेव्हा कळलं की टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप म्हणून एक जागा असते. कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर कोण कोण उठून बसतं ते तिथे दिसतं. उघडलं आणि कपाळाला हात लावला. एकेकावर उजवं क्लिक करायचं आणि डिसेबल. प्रिंटरला झोपवलं, गेमना झोपवलं, मंडळाच्या बॅनरला झोपवलं, आरतीलाही. पुन्हा चालू करून बघितला तर बाई गं, काय पळतोय! मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारली.

"अहो, बघा इकडे. यावर क्लिक केलं की डिसेबल. परीक्षा झाली की पुन्हा एनेबल करू. आरती कुठे पळून जात नाही."

हे चष्मा लावून पुढे आले, वाकून बघितलं, मान डोलावली. गिझरचं बटण कुठलं ते या माणसाला आजवर समजलेलं नाही. मी दाखवलेली एकच गोष्ट ह्यांनी आयुष्यात नीट लक्षात ठेवली, ती ही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "आरती कित्याक बंद केलंस गो? घरात देव मुको झालो."

"आई, देव्हाऱ्यासमोर तुम्ही रोज म्हणताच की."

"ता मी म्हणतंयच. पण ह्यो माझ्या झिलाचो आवाज!"

लेकाचा आवाज हवा म्हणून, निदान त्या खरं तरी बोलल्या.

परीक्षा सकाळची होती. उठल्याउठल्या कॉम्प्युटर लावून बघितला, एकदम शांत. सासूबाईंना शेजारच्या काकूंकडे बसवलं. दाराची बेल बंद केली. ह्यांना म्हटलं, मंडळात जाऊन बसा, मी सांगेपर्यंत फोनही करू नका. मी आंघोळ करून आले तेव्हा हे चपला घालून तयार होते. "ऑल द बेस्ट" म्हणाले आणि गालात हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या प्रोग्रामने पहिल्यांदा सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. केला. ओळखपत्र दाखवलं, चेहरा दाखवला, खोली दाखवली. आता परीक्षेशिवाय पडद्यावर दुसरं काहीच उघडता येणार नव्हतं. पहिलाच प्रश्न एक परिच्छेद दुरुस्त करायचा. हात आपोआप चालायला लागले, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. तेवढ्यात टाळ वाजले.

मला वाटलं, खालून कुठून तरी येतंय. मग ढोलकी आली, आणि मग हे. घरातली सगळी माणसं मी बाहेर घालवली होती आणि नवरा भर खोलीत आरती म्हणत होता.

पडद्यावर लाल अक्षरं आली, दुसऱ्या व्यक्तीचा आवाज येत आहे. आरती परीक्षेच्या मागे कुठेतरी चालू होती, तिथे पोचता येईना. कीबोर्डवरची बटणं दाबून बघितली, काही होईना. स्पीकर मंडळाचाच जुना, कपाटावर ठेवलेला, बटण मोडलेलं, वायर कपाटामागे. बसून राहावं तर आवाज, उठावं तर जागा सोडली. मी उठले. हात घालून वायर खेचली, हाताला खरचटलं. परत येऊन बसले तोवर पडद्यावर परीक्षा समाप्त असं आलं होतं. परिच्छेद अर्धाच राहिला होता.

कंपनीला मेल केला, तो आवाज रेकॉर्डिंगचा होता, घरात मी एकटीच होते. चार ओळींचं उत्तर आलं. त्यातली एक ओळ मला पाठच होती.

हे आले ते पेढे घेऊन. मी सांगितलं तसा पुडा खाली ठेवला.

"अगं, तू आंघोळीला गेलीस तेव्हा मीच चालू केली ती. शुभ कामाला देवाचं नाव नको? मला वाटलं, परीक्षेच्या आधी एकदा वाजेल नि संपेल. तुझ्या चांगल्यासाठीच केलं गं."

"मी बंद करून ठेवली होती ना? तुम्हाला दाखवून बंद केली होती ना?"

चष्मा पुसत म्हणाले, "जाऊ दे. देवाच्या मनात नसेल."

तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. "देवाला मध्ये आणू नका! एनेबल देवाने नाही केलं, तुम्ही केलंत. स्वतःचा आवाज ऐकायचा होता तुम्हाला, घरात आणखी कुणाचं काही का होईना." हे उठले. पेढे मंडळात वाटून आले, वाया कशाला घालवायचे म्हणून.

मी आठवडाभर धड बोलले नाही. ह्यांनी दोनदा भाजी आणून दिली, एकदा स्वतः गॅस पुसला. मलाही वाटायला लागलं, चुकलं माणसाचं, कळलंय त्याला. मग एका संध्याकाळी जेवताना गणपतीचा विषय निघाला, कोण कोण जेवायला येणार, मंडळाच्या प्रसादाचे मोदक किती. आमटीचा भुरका मारून हे म्हणाले,

"एका अर्थी बरंच झालं बघ. नोकरी लागली असती तर गणपतीत तुझी पंचाईत झाली असती. आता कशी मोकळी आहेस."

आवाजात खवचटपणा असता तर मी ताट बाजूला सारून भांडले असते. तसं काही नव्हतं. मनापासून बोलत होते, माझ्या सोयीचं. सासूबाईंनी मान हलवली आणि आणखी भात मागितला. मी वाढला.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवरून सगळं पुसून टाकलं. मुलाचं, मंडळाचं, आरतीसुद्धा. कुणी ओरडलं नाही, ती ह्यांच्या फोनमध्ये आहेच. आता बटण दाबलं की लगेच चालू होतो, नव्या मशीनसारखा, मध्ये कुणी येत नाही. मी खुर्ची ओढून समोर बसते. त्यावर करायला माझं काही नसतं. थोडा वेळ बसते, मग बंद करते आणि मोदकाच्या तांदळाचं बघायला उठते.