चाक वाकडं करायला हात धजेना

चाकणच्या कंपनीत माझं काम एकच. नवी गाडी लाईनवरून उतरली की तिची चाकं नीट उभी आहेत ना ते बघायचं. चाक जरा जास्त आत-बाहेर झुकलं की पडद्यावर लाल दिवा लागतो आणि तो हिरवा होईपर्यंत गाडी हलत नाही. हे करून करून माझी अशी खोड झालीय की भाजीवाल्याच्या हातगाडीचं वाकडं चाकसुद्धा मला बघवत नाही.

आम्हा दोघांनाही सुट्टी गुरुवारची. मोशीच्या घरात धुणं वाळत घातलं की मी आणि नवरा टीव्हीसमोर बसून गाड्यांचा गेम खेळतो. त्यात घाटाच्या वळणावर गाडी आडवी घसरवत न्यायची. जितकी झोकात घसरेल तितके गुण.

नवरा लातूरचा, मी रत्नागिरीकडची. दोघांची लांब रजा वर्षातून एकदाच जुळते. ती त्याच्या घरी दिवाळीला घालवायची की माझ्या माहेरी गणपतीला, या वादात गेली दोन वर्षं मीच माघार घेतली होती. माहेरची आरती फोनवर बघायची आणि डोळे पुसायचे. यंदा म्हटलं, "गेमवर ठरवू. जिंकेल त्याचं गाव."

कुठल्या भुतानं झपाटलं होतं कोण जाणे, कारण या खेळात मी ढ होते. माझी गाडी वळायच्या जागी सरळ जाऊन कठड्यावर आदळायची. चाकांचा कल बदलायची सोय गेममध्ये होती, पण ते पान उघडलं की माझा अंगठा आपोआप आकडा शून्यावर आणायचा.

"काय करलालीस गं? कंपनीला सुट्टी हाय की आज," नवरा म्हणायचा.

"चाक सरळच असतं," मी ठसक्यात सांगायची.

"बरं. मग आईला कळवू का, सून दिवाळीला येतीय म्हणून?"

अस्सा राग यायचा!

पैजेच्या गुरुवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं. खाली टँकर आला, म्हणून कळशी कमरेवर घेऊन जिना चढत होते. मधल्या मजल्यावर एकदम थांबले. कळशी डावीकडे होती आणि मी आख्खी उजवीकडे कललेली. सरळ ताठ चालले असते तर कळशीसकट खाली गेले असते! गाडीही वळताना बाहेरच्या अंगाला कलते. उभी असताना सरळ असलेलं चाक तेव्हा नुसत्या कडेवर येतं आणि पकड सोडतं. आधीच आत झुकवलेलं चाक मात्र नेमकं त्या वेळी सपाट टेकतं. मी जिन्यातच हसत सुटले. शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं.

घरात येऊन गेममधलं ते पान उघडलं आणि पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकवली. खरं सांगते, हात धजेना. लाल दिवा लागेल असंच वाटत होतं. शेवटी एक डोळा मिटून बटण दाबलं.

"हे तू केलंस? तू?" नवरा उठून पडद्याजवळ गेला.

पहिल्याच वळणावर गाडी आडवी झाली आणि तशीच, धुराचा लोट सोडत, कठड्याला न शिवता पुढं गेली. दुसरं वळण, तिसरं... मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते. नवऱ्यानं त्याच्या डावात जीव तोडला, पण माझ्या गुणांच्या आसपासही पोचला नाही. हात जोडून म्हणाला, "जावा, जिंकलाव. पण मोदक कमी पडले तर भांडण हाय."

लगेच आईला फोन लावला. "आई, गणपतीला येतेय!"

"रजा कशी गो मिळाली?"

"चाकं वाकडी केली," मी आनंदाच्या भरात बोलून गेले.

आई हळूच म्हणाली, "कंपनीची? मग नोकरी गेली काय? जाऊंदे गो, गेली तर गेली. तू ये आधी."