ओटिलियाच्या घरातल्या फटी

लोकर ठासून फटी बुजवण्यात ओटिलियाचा हात धरणारी बाई त्या अख्ख्या डोंगरात नव्हती. न धुतलेली, तेलकट लोकर ती दोन बोटांत पिळायची आणि सुरीच्या पाठीनं अशी दामटायची की आत मेणबत्तीची ज्योत हलायची बिशाद नाही. ज्या घरात वारा शिरतो तिथली बाई आळशी, असं तिकडे सरळ तोंडावर म्हणतात. ओटिलियाला तसं म्हणायची कुणाची सोय नव्हती. तिचा नवरा सेगुंदो लाकूडतोड्या, मोठा थट्टेखोर गडी. "एक दिवस ही माझ्या नाकातसुद्धा लोकर कोंबेल बघा!" असं तो चारचौघांत म्हणायचा आणि तीही लाजून शालीत तोंड लपवून हसायची.

त्यांच्या आज्या गवती छपराखाली राहिल्या. मधोमध चूल, धूर छपरातून आपला आपण निघून जायचा. डोळे चुरचुरायचे, पण माणूस जगायचा. मग फळ्यांची घरं आली, आणि निजायच्या खोलीत शेगडी आली. निखारे अंगणात फुलवायचे, धूर पार मेला की मगच शेगडी आत न्यायची. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही सगळ्यांचीच समजूत. चुलीत घाला ती समजूत!

त्या हिवाळ्यात सेगुंदो खोकून खोकून बेजार झाला होता. "हाडं गोठली गं माझी," म्हणायचा. ओटिलियानं खोलीतली एकूण एक फट बुजवली, छपराखालची नेहमी सोडायची तीसुद्धा. उशाशी शेगडी ठेवली, त्याच्या अंगावर दोन घोंगड्या घातल्या आणि नदीपलीकडे आजारी बहिणीकडे मुक्कामाला गेली.

सकाळी परतून तिनं दार उघडलं तर ऊब कशी तोंडावर आली. सेगुंदो कुशीवर निजलेला, गाल लालबुंद. 'लागली बाई एकदाची झोप,' असं मनाशी म्हणत तिनं दारातच बूट काढले, आवाज नको म्हणून. माते नावाच्या कडसर पाल्याच्या चहासाठी पाणी ठेवलं. त्याला आवडतात म्हणून डोंगरातल्या पाइनच्या बिया भाजल्या, एक एक करून सोलल्या. वाटी भरल्यावर मग त्याला हाक मारली.

माती देऊन आल्यावर त्याच सुरीनं तिनं सगळी लोकर उपसून काढली. तेव्हापासून ती त्या चाळणीत राहिली. पांघरुणावर बर्फ यायचं, पाणी भांड्यात गोठायचं. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. म्हणोत बापडे! वारा अंगाला झोंबला की तिला कळायचं, आपण कुणाला कोंडलेलं नाही.

यंदा मात्र खोकल्यानं तिलाच धरलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, या घरात बाई हिवाळा काढणार नाही. लेक नोएमी धावत आली.

"आई, मुकाट्यानं माझ्याकडे चल."

"तुझ्या त्या बंद डब्यात? नाही यायची मी."

"बाबांना काय तू मारलंस का गं?"

"मग कुणी मारलं? शेजारणीनं?"

नोएमी रडत घरी गेली. तिचा नवरा इस्माएल अबोल, कसबी सुतार. त्यानं कुठे पाहिलं होतं कोण जाणे, करवत घेतली आणि स्वतःच्या भिंतीला भोक पाडलं. मग सासूला आणायला स्वतः गेला. "आई, भोक पाडलंय. नुसतं बघायला तरी चला." भोक म्हटल्यावर ओटिलिया उठली.

आल्या आल्या तिनं मेणबत्ती मागितली. ज्योत हलली, समोरच्या भिंतीवर छपराखाली बारकी खिडकी होती, तिकडे कलली.

"कोंदट हवा तिथून जाते," इस्माएल म्हणाला. "आणि ताजी इथून येते, लोखंडी चुलीच्या मागून. चुलीचा धूर नळीनं बाहेर. शेगडी मात्र या घरात पाऊल ठेवणार नाही, कितीही भोकं पाडली तरी."

थंडगार वारा लागणार म्हणून शाल आवळून ओटिलियानं चुलीमागे हात धरला. मग हात उलटा करून पुन्हा धरला.

"हा वारा गरम कसा रे?"

"बाहेरचाच आहे. चुलीच्या पाठीवरून येताना तापतो."

"भोक केवढंसं पाडलंस?"

इस्माएलनं मूठ दाखवली. ओटिलियानंही आपली मूठ मिटली आणि तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती धरून चालली होती की ऊब घ्यायची तर जीव द्यायचा आणि जीव हवा तर गारठायचं. आईला घर पसंत पडलं असं वाटून नोएमी लगबगीनं अंथरूण घालायला लागली. तेवढ्यात तिला हुंदका ऐकू आला. म्हातारी चुलीमागे खाली बसली होती, हात अजून त्या वाऱ्यात.

"एवढंसंच गं," ती म्हणाली. "त्याला ऊबही मिळाली असती, आणि मी हाक मारल्यावर तो उठलाही असता."