मुलींसाठी समुद्राजवळ जागा

दिवाळीच्या सुट्टीत जतहून मालवणला निघालो तेव्हा आमच्याकडे दोन पिशव्या, एक छत्री आणि मोठ्या बाईंनी घातलेल्या तीन अटी होत्या. जागा स्वस्त हवी. मुलींना सुरक्षित हवी. आणि तिथून समुद्र पायी जाता येईल एवढा जवळ हवा. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "सोय स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. नाही जमलं तर दरवर्षीप्रमाणे शिखर शिंगणापूर."

सहल होती दहावीच्या मुलींची. आमच्याकडे विहिरीचा तळ मार्चमध्ये दिसायला लागतो. एवढं पाणी एका जागी असतं, यावर या मुलींचा फारसा विश्वास नव्हता. भरती-ओहोटी शिकवताना एकीने मला विचारलं होतं, "बाई, पण ते पाणी जातं कुठं?" मीही समुद्र पाहिलेला नव्हता. पुस्तकातलं उत्तर दिलं आणि पुढचा धडा घेतला. वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं परीक्षेनंतर व्हायची होती. म्हणजे समुद्र दाखवायचा तर याच वर्षी.

माझ्यासोबत शकुंतला होती, आमची खेळाची शिक्षिका. खणखणीत आवाजाची, कुणालाही न घाबरणारी. सांगलीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून मालवणची गाडी. फोंडा घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली. खिडकीतून ओलसर, पानांचा वास यायला लागला आणि दोन्ही बाजूंना इतकं हिरवं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला. कणकवलीच्या थांब्यावर चहा घेतला. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मालवणाक पयल्यांदाच?" (पहिल्यांदाच?) मी हो म्हटल्यावर ते खुशीत हसले. "मगे उजव्या बाजूक बसा. दर्या थंयसून दिसतलो." (मग उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडून दिसेल.) आणि स्वतःची खिडकीची जागा त्यांनी मला दिली.

दिसला. एका उतारावर माडांच्या मधून आधी नुसता निळा पट्टा, मग वळण, मग पुन्हा पट्टा, आता रुंद. शकुंतला चालत्या गाडीत उभी राहिली आणि ओरडली, "अगं, संपतच नाही की!" सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली बसा, तो कुठे पळून जात नाही." मला मात्र खाली बसवेना. भूगोलाची शिक्षिका मी, आणि क्षितिज हा शब्द मला त्या दिवशी कळला.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये शिरलो तिथे पहिली ठेच लागली. मॅनेजरने वर पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"पुरुष माणूस?"

"नाही आलं," शकुंतला म्हणाली.

"एकट्या बायकांना आम्ही खोली देत नाही."

"एकट्या कुठे? आम्ही दोघी आहोत."

 तेवढ्यात आतून त्याची बायको आली. आम्ही शिक्षिका आहोत म्हटल्यावर तिने फळीवरची किल्ली काढून आमच्या हातात दिली आणि नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमची सोय झाली. पण मुलींच्या दृष्टीने ती जागा उपयोगाची नव्हती. खालच्या मजल्यावर फिरते विक्रेते उतरलेले, शेजारी दारूचं दुकान, आणि समुद्राच्या नावाने खिडकीतून फक्त वारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर गेलो. काठावर होड्या लागल्या होत्या, माशांच्या टोपल्यांभोवती लिलावाचा गलका चालला होता. पुढे पाण्यात किल्ला उभा, जणू कुणी तो दगडांसकट तरंगत सोडला आहे. मी साडी जरा वर खोचून लाटेत पाय घातले. पायाखालची वाळू सरकली तशी मी लहान मुलीसारखी किंचाळले. दुसरी लाट आली ती गुडघ्याच्या वर आली, आणि परत जाताना माझ्या उजव्या पायातली चप्पल घेऊन गेली. ती जरा वेळ पाण्यावर दिसत राहिली. शकुंतला पोट धरून हसत होती. "चल, आता जागा शोध," ती म्हणाली, "जागेशिवाय परत गेलीस तर चपलेशिवायही जाशील."

एका पायात चप्पल घालून आम्ही मालवण पालथं घातलं. एका शाळेत गेलो. सुट्टी असूनही तिथले हेडमास्तर भेटले, फार भले गृहस्थ. त्यांनी आम्हाला घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा गोड रस खाऊ घातला. पण वर्ग रात्रीसाठी द्यायचे म्हणजे वरच्या कचेरीची परवानगी हवी. "जिल्हा नुकताच वेगळा झालाय, बाई, कचेऱ्या अजून बसायच्यात," ते ओशाळून म्हणाले. "परवानगी येईपर्यंत तुमच्या मुलींच्या मुली दहावीला येतील."

मग देवळाची धर्मशाळा. सुंदर जागा, थंडगार विहीर, फणसाची सावली, पुजारी म्हणाले, वाटेल तितके दिवस राहा. मी मनातल्या मनात मुलींच्या वळकट्याही पसरल्या. पण तिथून समुद्राकडे निघालो आणि चालतच राहिलो. लाल मातीचा रस्ता, शेतं, पुन्हा रस्ता. माझा उघडा पाय भाजायला लागला. "पोरी इथवर पोचेपर्यंत अंधार पडेल," शकुंतला म्हणाली आणि प्रथमच तिचा आवाज उतरला. "शिंगणापूर काही वाईट नाही गं."

 ती लॉजवर पाठ टेकायला गेली आणि मी वाळूच्या कडेने तशीच पुढे चालत राहिले.

गावाच्या टोकाला खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे माडांमध्ये एक लांबलचक शेड होती. वर कौलं, खाली सारवलेली जमीन, दोन्ही अंगांना लाकडी झापांची दारं. आत बायका काथ्या वळत होत्या. एक रहाट फिरवायची आणि दुसरी कमरेला काथ्याचा पुंजका बांधून मागे मागे चालायची, की तिच्या बोटांतून सुंभ निघत जायचा. हवेत भिजवून कुजवलेल्या नारळाच्या सालींचा उग्र वास होता. मी दारात टेकले. साठीच्या आसपासची, काळीसावळी, नऊवारी नेसलेली एक बाई माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "एक चप्पल खंय गेली गो?"

"समुद्राने नेली."

"मगे दुसरी पण दी त्येका. एका चपलेचा तो तरी काय करतलो?" (मग दुसरीही दे त्याला. एका चपलेचं तो तरी काय करणार?)

सगळ्या हसल्या, मीही हसले. तिचं नाव रुक्माकाकी. या बायकांनी मिळून हा काथ्याचा उद्योग चालवला होता आणि काकी त्यांची पुढारी. पाणी प्यायला दिलं तशी मी सगळं सांगून टाकलं. शाळा, अटी, लॉज, धर्मशाळा. सांगता सांगता माझी नजर शेडभर फिरत होती. संध्याकाळी बायका घरी गेल्या की ही रिकामी. दारातून समुद्र दिसत होता. दारातून! मी एकदम विचारलं, "काकी, ही जागा द्याल?"

काकीचं हसू गेलं. "हय काथ्यो आसा. एक ठिणगी पडली तर आमचा सगळा जळान जातला." (इथे काथ्या आहे. एक ठिणगी पडली तर आमचं सगळं जळून जाईल.)

बरोबरच होतं. त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचे ढीग मागे रचलेले होते. मी उठले. "तुमचं खरं आहे. त्या पोरींनी कधी समुद्र बघितला नाही ना, म्हणून जीव तुटतो."

रहाट थांबला. "कदीच नाय?" रहाटावरच्या बाईने विचारलं.

"कधीच नाही. मीसुद्धा कालच बघितला."

त्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यासाठी हे म्हणजे कुणी कधी भात खाल्ला नाही असं सांगण्यासारखं होतं. मग त्यांच्यात मालवणीतून अशी भराभर चर्चा सुरू झाली की मला निम्मीसुद्धा कळली नाही. एक तरुण बाई नाहीच म्हणत होती, हात उडवून ढिगांकडे दाखवत होती. काकी तिचं सगळं ऐकून घेत होती. शेवटी ठरलं: सगळा काथ्या आधी एकीच्या घरी हलवायचा, आणि शेडमध्ये "दिवो नाय, चूल नाय, काडी ओढूची नाय." स्वयंपाक काकीच्या अंगणात.

"पण आदी तुमी दोगी हय निजान बघा," काकी म्हणाली. "मगे चेडवांक हाडा." (आधी तुम्ही दोघी इथे झोपून बघा, मग मुलींना आणा.)

मी लॉजपर्यंत अक्षरशः पळत गेले, अनवाणी. दुसरी चप्पल खरोखरच समुद्रात टाकली होती.

संध्याकाळी काकीने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात वाढला. मी मासे खात नाही म्हणून वेगळं काही केलंय का विचारलं, तर ती म्हणाली, सोमवारी आम्हीही हेच खातो. शकुंतलेने तीन वेळा भात घेतला. सुंभाच्या चटयांवर आम्ही आडव्या झालो आणि लाटांच्या आवाजात केव्हा झोप लागली कळलंच नाही. पहाटे दार उघडलं तर पाणी कालच्यापेक्षा कितीतरी मागे गेलेलं. ओल्या वाळूवर पक्ष्यांची पावलं, आणि पार लांब चकाकणारी रेघ. ओहोटी! मी शकुंतलेला गदागदा हलवलं. "बघ, बघ, ते पाणी जातं कुठं ते!"

जतला परतल्यावर मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "काथ्याच्या शेडमध्ये? आमच्या मुली?"

"आम्ही झोपून आलोय, बाई," मी म्हटलं. "माझी बहीण असती तर मी तिलाही तिथेच नेलं असतं. त्या लॉजमध्ये मात्र उतरवलं नसतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मी येणार बरोबर. माझी जागा धरा."

जानेवारीत आम्ही मुलींना घेऊन गेलो. काकीने त्यांना एकदम पाण्यात सोडलं नाही. तिने आणि इतर बायकांनी नवा वळलेला जाड दोरखंड आणला, एक टोक माडाला बांधलं, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उभ्या राहिल्या, दोर धरून, लुगडी घट्ट खोचून. "ह्येच्या फुडे नाय," काकीने बजावलं. मग मुली आल्या. दोराला धरून, किंचाळत, एकमेकींवर पडत, तोंडात खारं पाणी गेलं की थुंकत, पुन्हा हसत. प्रत्येक मोठी लाट आली की बायका दोर वर उचलायच्या आणि मुली त्याला लोंबकळून उडी मारायच्या. आधी हात उडवून नाही म्हणणारी ती तरुण बाई दोराचं दुसरं टोक धरून सगळ्यात खोल उभी होती. मोठ्या बाई काठावर छत्री घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने छत्री वाळूत एकटीच दिसली.

तीन दिवस तसे गेले. परतीच्या गाडीत सगळ्या झोपल्या होत्या. जतच्या स्टँडवर आयाबाया वाट बघत थांबलेल्या. मी सामान मोजून देत होते. माझ्या मागेच एका आईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय गं हे, केस किती राठ झालेत! चल, घरी गेल्यावर आधी न्हाऊ घालते."

मुलीने दोन्ही हातांनी केस धरले. "आज नको आई," ती म्हणाली. "अजून समुद्र आहे त्यात."

मी नंतर बरीच हिंडले. चांगल्या हॉटेलांत राहिले, खिडकीतून समुद्र दिसेल अशी खोली मागून घेतली. पण कुठलीही खोली घेताना मी आता आधी एवढंच बघते, की पाणी वाढलं तर दोराचं दुसरं टोक धरायला इथे कुणी आहे का.