मोटर खालून कुणी धरली?

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. सिडकोत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आवाज आला की त्यामागं कुठलातरी पार्ट असतोच, एवढंच मला माहीत. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... तरी लिहितो.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर, नाथसागरात मासेमारी करतात. पैठणच्या धरणाचं पाणी गंगापूर तालुक्यात जिथं पसरलंय, तिकडं त्यांचं गाव. होडीला मागं छोटी पेट्रोलची मोटर आहे. ती मिसिंग करायला, मधेच अडखळायला लागली म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी ती गॅरेजला आणायला गेलो. भर दुपार. पाणी आटलेलं, काठाला नुसता चिखल. त्यामुळं होडी मांडीभर पाण्यातच उभी होती, पुढचं टोक तेवढं गाळात टेकलेलं.

मोटर उतरवायला दोघं लागतात. एकानं होडीत बसून क्लॅम्प ढिले करायचे आणि मोटर उचलून बाहेर द्यायची, दुसऱ्यानं पाण्यात उभं राहून ती अंगावर घ्यायची. खालचा "सोड" म्हणाला की मगच वरच्यानं हात काढायचे. शिवाय निसटलीच तर सापडावी म्हणून मोटर होडीला दोरानं बांधलेली असते.

मी होडीत बसून पेट्रोलचा पाइप काढला, क्लॅम्प सोडले. दाजी पाण्यात उतरल्याचा आवाज ऐकला होता. मोटर छातीशी धरून वाकलो. डोळ्यांसमोर फक्त तिचं झाकण. तेवढ्यात वजन हलकं झालं. खालून कुणीतरी नीट पेललं.

"सोड, धरलंय," दाजींचा आवाज आला.

मी सोडली. पाणी उडालं नाही, आवाजही झाला नाही. मान वर केली तर समोर कुणीच नव्हतं. दाजी लांब काठावर होते — माझ्याकडं पाठ करून बाभळीच्या सावलीकडं चाललेले.

दोर सरळ खाली गेला असता तर म्हटलं असतं, पडली हातातून. पण तो आडवा चालला होता, खोल पाण्याकडं... ओझं घेतलेला माणूस चालतो, त्या चालीनं. मग तो ताठ झाला आणि होडीचं टोक गाळातून सुटलं. वारा अजिबात नव्हता. होडी उलटी, मागच्या अंगानं आत निघाली. मला पोहता येत नाही.

मी ओरडलो. दाजी वळले आणि तसेच पाण्यात घुसले.

"दोर काप, संजू. काप लवकर."

जाळं कापायचा चाकू होडीतच पडलेला होता. तो दोराला लावला, तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाकडून, पाण्यातून, अगदी सावकाश कुणीतरी म्हणालं, "कापू नको. मी धरलंय ना."

तोही दाजींचाच आवाज.

दोन्हीकडून दाजीच बोलत होते. शेवटी ज्यांचं तोंड दिसत होतं, त्यांचं ऐकलं. दोर तुटला आणि होडी थांबली. दाजींनी पोहत येऊन ती काठाकडं ढकलत आणली.

काठावर आल्यावर मी विचारलं, मला तसं सोडून तुम्ही गेलात कशाला?

दाजी म्हणाले, "तूच म्हणला ना, दाजी तुम्ही सावलीला बसा, मी काढतो एकटा."

मी असं काही म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या लोकांनी खोल पाण्यात गळ टाकून शोधलं. काही नाही. मोटर सापडली ती होडी आधी जिथं उभी होती तिथंच, मांडीभर पाण्यात. गाळावर हलक्या हातानं ठेवावी तशी, कापलेला दोर अजून तिलाच बांधलेला.

मित्र म्हणतात ऊन लागलं असेल. दोघांना एकदम? आणि होडी कशानं ओढली? मोटर मी दुरुस्त करून पाठवली. दाजी अजून त्याच पाण्यात जातात, दुसरं काय करणार...

परवा त्यांचा फोन आला. मोटर परत बंद पडलीय, उतरवायला येतो का, म्हणाले. आवाज दाजींचाच होता. मी फोन कट केला, व्हिडिओ कॉल लावला आणि तोंड दिसेपर्यंत हो म्हणालो नाही.